उभ्या गाडीचा धूर

दोन बसच्या फटीतून पलीकडे जाताना त्याच्या डाव्या पोटरीला काहीतरी गरम लागलं. कुत्र्यानं मागून येऊन हुंगावं तसं. तो दचकून मागे सरकला तर पाठीला दुसऱ्या बसचं तोंड लागलं, आणि खाली बघतो तर कुत्रं नाही, मांजर नाही, पुढच्या बसचा सायलेन्सर. काळा, तोंडाशी तेलकट, आणि त्याच्या पँटच्या पायात निवांत श्वास सोडत असलेला. बस उभी होती. सकाळपासून उभीच होती. तिच्या पुढे एक उभी होती, मागे एक, त्यांच्याही मागे आणखी, सगळ्यांची इंजिनं चालू, आणि त्या सगळ्यांची मिळून जी थरथर होती ती बुटांच्या तळव्यांतून त्याच्या दातांपर्यंत येत होती. पँटचं कापड पोटरीला चिकटलं. ओलसर, ऊन, कुणाच्या तरी तोंडातून आल्यासारखं. त्याला शिसारी आली. त्यानं पाय झटकला, पुन्हा झटकला, खिशातला रुमाल काढला, आणि तो रुमाल तिथे लावायचा या नुसत्या कल्पनेनं त्याला आणखी एक शिसारी आली. रुमाल परत खिशात गेला. आता यात एवढं काय, असं कुणीही म्हणेल. शहरात राहायचं आणि धुराला नावं ठेवायची. पण तो गरमपणा काही केल्या जाईना. आणि त्याहून वाईट म्हणजे त्या गरमपणाचा हिशेब त्याला ठाऊक होता. त्याच्याच हिशेबाप्रमाणे ही बस या घटकेला काहीही बाहेर टाकत नव्हती.

तो हवेचे आकडे काढणाऱ्या एका ऑफिसात होता. कुठल्या रस्त्यावरून किती गाड्या जातात, त्या किती जुन्या, कशावर चालतात, किती धूर सोडतात आणि त्या धुरानं आजूबाजूची हवा किती बिघडते, हे अंदाजानं सांगायचं. अंदाज म्हटलं की लोकांना वाटतं डोळे मिटून बोट ठेवायचं. तसं नसतं. चांगला धुऊन इस्त्री केलेला असा तो अंदाज असतो. प्रत्येक जातीच्या गाडीला एक दर ठरलेला आहे, किलोमीटरमागे इतके ग्रॅम, आणि ते सगळे दर त्याला तोंडपाठ होते, म्हणून ऑफिसात त्याला ग्रॅमराव म्हणत. 'ग्रॅमराव, साखर किती ग्रॅम घालू?' हा विनोद चहावाली बाई रोज करायची आणि तो रोज हसायचा, कारण हसलं नाही तर ती जवळ येऊन तोच विनोद पुन्हा करायची, आणि तिच्या तोंडाला कांद्याचा वास यायचा. एकूणच जवळ येणारी माणसं त्याला सोसत नसत. लिफ्टमध्ये समोरच्याच्या मानेवरचा घाम, दाराच्या मुठीला राहिलेली आधीच्या माणसाची ऊब, कपाच्या कडेवरचा ओठाचा ठसा, यातलं काहीही त्याचा अख्खा दिवस नासवायला पुरायचं. लग्न जमलं नाही. जमलं नाही म्हणजे यानंच नाक मुरडलं, एकदा खाताना आवाज होतो म्हणून, एकदा नखं बघून. धुराचं काम घेतलं तेव्हा वहिनी पोट धरून हसली होती. 'तुम्ही आणि धूर? अहो भावजी, शेजाऱ्यांकडे दूध करपलं तर तुम्ही जेवत नाही.' पण कागदावरच्या धुराला वास नव्हता. तेच तर त्याला आवडलं होतं.

किलोमीटरमागे ग्रॅम. गाडी जितकी चालली तितका तिचा धूर. आणि उभी राहिली तर? उभ्या गाडीला किलोमीटर नसतो. वेग शून्य दिला की कॉम्प्युटर हात टेकतो, पडद्यावर लाल ओळी येतात आणि पुढचं सगळं ठप्प. म्हणून त्यांच्या ऑफिसात एक रीत पडून गेली होती. हिशेबाला बसायच्या आधी जिथे जिथे वेग शून्य आहे त्या सगळ्या ओळी काढून टाकायच्या. याला शून्यं झाडणं म्हणत. 'शून्यं झाडली का?' 'झाडतोय, चहा पिऊन.' नव्या माणसाला पहिल्या दिवशी चहाची खोली, संडास आणि शून्यं झाडणं एवढं दाखवलं की त्याचं शिक्षण पुरं. सिग्नलला खोळंबलेल्या, शाळेसमोर ताटकळलेल्या, दवाखान्याच्या दारात रेंगाळणाऱ्या सगळ्या गाड्या त्या झाडूखाली यायच्या आणि शहर कसं लख्ख निघायचं. तसा उभ्या गाडीलाही दर आहे, मिनिटामागे, वेगळा. पण तो लावायचा तर कोण कुठे किती वेळ उभं राहतं हे कुणीतरी जाऊन बघायला हवं, आणि जाऊन बघणं त्यांच्याकडे कमीपणाचं होतं. एरवी खपून जायचं, सगळ्या शहराच्या बेरजेत तेवढा फरक झाकला जायचा. पण या गल्लीत गाड्या चालणारच नव्हत्या. ही गल्ली बस उभ्या करायलाच मागितली होती. कारखान्याच्या कामगारांना नेणाऱ्या बस पाळी सुटेपर्यंत इथे थांबणार, वहिनीच्या पाळणाघराच्या खिडक्यांखाली. हवेचं काय होईल ते सांगायचं काम फिरून फिरून नेमकं त्याच्या टेबलावर आलं. त्यानं शून्यं झाडली, आणि झाडल्यावर काहीच उरलं नाही.

तो मोठ्या साहेबांकडे गेला होता, नाही असं नाही. साहेबांच्या खोलीत हवा स्वच्छ करणारं एक यंत्र होतं, आणि त्याची जाळी शिपाई चहाचे कप विसळायच्या बेसिनमध्ये धुवायचा. जाळीवरून जे सुटायचं ते राखाडी, केसाळ, लगद्यासारखं. ते बेसिनच्या भोकाशी अडकायचं आणि शिपाई ते बोटानं आत ढकलायचा. हे एकदा डोळ्यांनी बघितल्यापासून तो ऑफिसातला चहा घ्यायचा खरा, पण कुणाचं लक्ष नसताना कुंडीत ओतायचा. साहेब खोकल्याची गोळी चघळत बसले होते.

'साहेब, त्या गल्लीचं उत्तर शून्य येतंय.'

'छान.'

'पण बस तिथे उभ्या राहणार आहेत. इंजिन चालू ठेवून.'

साहेबांनी गोळी या गालातून त्या गालात नेली. 'आपल्याला काम काय दिलंय? वाहतुकीचा धूर. उभी गाडी म्हणजे वाहतूक आहे का?'

'नाही, पण...'

'मग झालं तर. उद्या म्हणाल लोक श्वास सोडतात तोही मोजू.'

आणि तो हसला होता. बसच्या फटीत उभं राहून त्याला हे आत्ता लख्ख आठवलं, की आपण हसलो होतो. ती गोळी दातांवर ओली ओली आपटत होती आणि तो आवाज आणखी ऐकण्यापेक्षा हसून बाहेर पडलेलं बरं, एवढंच त्याच्या मनात होतं. भांडण त्याला पहिल्यापासून घाण वाटायचं. भांडणात थुंकी उडते, आवाज चिरकतो, गळ्याच्या शिरा फुगतात. उकिरड्याला वळसा घालून जावं तसा तो जन्मभर भांडणाला वळसा घालत आला, आणि आपल्या या स्वच्छ राहण्याचा त्याला मनातून अभिमानसुद्धा होता. आता त्या अभिमानाची चव तोंडात आली तेव्हा ती डिझेलसारखी होती. साहेबांनी आकडे अजून वर पाठवले नव्हते. आजपासून आठवडाभर बस नुसत्या करून बघण्यापुरत्या उभ्या करायच्या, कुणाची तक्रार आली नाही तर सोमवारी आकडे जाणार आणि गल्ली कायमची बसची होणार. म्हणजे अजून काही बिघडलं नव्हतं, असं त्याचं सकाळपासून स्वतःला बऱ्याचदा सांगून झालं होतं.

तो फटीतून बाहेर आला आणि बसच्या दारावर टकटक केली. ड्रायव्हर पाय वर घेऊन पेपर वाचत होता. दार उघडलं तसा आतून गार हवेचा आणि मोज्यांचा वास आला.

'इंजिन जरा बंद करता का?'

'का हो?'

'इथे लहान मुलं आहेत. पाळणाघर आहे.'

'बंद केली तर आत भट्टी होते, साहेब. आणि पाळी सुटल्यावर चालू नाही झाली, तर माझी कोण गय करणार?' माणूस उद्धट नव्हता. उलट समजूत घालायच्या सुरात बोलत होता. 'आणि काळजी करू नका. सगळं तपासून झालंय. कुणीतरी मोठा माणूस येऊन मशीन लावून गेला म्हणे. शून्य आहे म्हणाला.'

कुणी आलं नव्हतं. मशीन कसलं आणि काय. काल एका हॉलमध्ये त्यानं एक शब्द उच्चारला होता, आणि आज त्या शब्दानं येऊन, तपासून, मशीनसुद्धा लावून टाकलं होतं. 'तो मोठा माणूस मीच' असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात आतला वास जिभेवर आला आणि त्यानं तोंड मिटलं. ड्रायव्हरनं हसून दार लावून घेतलं.

बसचा वास. हा वास त्याच्या पोटात फार जुना होता. आई गेली तेव्हा तो शाळेत होता आणि दादाचं नुकतं लग्न झालेलं. वहिनी आली ती नवरी म्हणून, आणि आल्या आल्या तिला हे एक नाक मुरडणारं पोर सांभाळायला मिळालं. दीर कितीही धाकटा असला तरी त्याला अहोजाहो करायचं, असं तिला कुणी शिकवलं होतं कोण जाणे, पण ते तिनं कधी सोडलं नाही. 'भावजी, तुम्ही गाढव आहात' असं म्हणून पाठीत धपाटा घालायची, पण तुम्ही ते तुम्हीच. एकदा ती त्याला घेऊन माहेरी निघाली होती. चालत्या बसमध्ये त्याला कधी काही व्हायचं नाही, हे त्याला आत्ता इतक्या वर्षांनी आठवलं. चालत्या बसमध्ये वारा असतो. बस थांबली की व्हायचं. त्या दिवशी बस मध्येच कुठेतरी थांबली, ड्रायव्हर इंजिन तसंच चालू टाकून खाली उतरला, आणि पायाखालच्या पत्र्यातून तो वास वर यायला लागला. गोडसर, जड, घशाला पाठीमागून चिकटणारा. खिडकी अडकलेली. चहूबाजूंनी माणसांचे गुडघे. 'वहिनी, मला होतंय,' एवढंच तो म्हणू शकला. पिशवी शोधायलाही वेळ नव्हता. तिनं दोन्ही हातांची ओंजळ केली आणि त्याच्या तोंडाखाली धरली. सगळं त्या ओंजळीत गेलं. आणि मग ड्रायव्हर परत येईपर्यंत, माणसं उठून वाट देईपर्यंत ती तशीच बसून राहिली, थेंब न सांडता, एखादं नाजूक पाखरू धरल्यासारखी. समोरच्या बाईनं नाकाला पदर लावला तेव्हा वहिनी तिला म्हणाली, 'आपलंच पोर आहे.' ही गोष्ट दादा पुढे सगळ्यांना कौतुकानं सांगायचा. पुढची गोष्ट मात्र कुणी सांगत नसे, कारण ती फक्त दोघांना माहीत होती. घरी परतल्यावर कितीतरी दिवस तो तिच्या हातचं खाईना. भूक नाही म्हणायचा. त्याला तिच्या बोटांकडे बघवत नसे. तिनं का म्हणून विचारलं नाही. वाढताना हात लागू नये म्हणून ती सगळं चमच्यानं वाढायला लागली, आणि तो जेवायला लागला.

दादा गेल्यावर तिनं पाळणाघर काढलं. दोन खोल्या, जमिनीवर गाद्या, रस्त्याच्या बाजूला तीन खिडक्या आणि दाराशी एक बेसिन. बाहेरून येणारा कुणी असो, आधी हात धुवायचे, मग पोरांजवळ जायचं. पोरांच्या आयांना हाच नियम, बापांना हाच, एकदा डॉक्टर तसेच आत शिरले तर तिनं त्यांना बाहेर काढलं होतं. सूट एकट्या त्याला. 'भावजींचे हात आमच्या साबणापेक्षा स्वच्छ असतात,' असं ती सगळ्यांसमोर म्हणायची आणि तो लाजायचा. दर शनिवारी तो तिथे जाऊन बुटक्या स्टुलावर बसायचा. का कोण जाणे, त्या पोरांची लाळ, शेंबूड, दुधाचा आंबूस वास, याची त्याला कधी किळस आली नाही. एक गोल डोक्याचं, अजून न चालणारं पोर होतं. वहिनी त्याला बटाटा म्हणायची. बटाटा रांगत रांगत येऊन त्याच्या डाव्या पँटचा पाय मुठीत धरायचा, त्यात तोंड खुपसायचा आणि कापड चोखत बसायचा. तो पाय हलवत नसे. पायाला मुंग्या आल्या तरी हलवत नसे.

आणि काल तो हॉल, जिथे बसविषयी सांगायला साहेबांनी लोकांना बोलावलं होतं. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, बंद पंखे, दिवसभर काम करून आलेल्या बायकांचा घाम. पोरांच्या सगळ्या आया आल्या होत्या आणि सगळ्यांत पुढे वहिनी, ठेवणीतले कपडे घालून, कारण भावजी बोलणार होते. बस येणार हे कळल्यापासून तिचा जीव टांगणीला लागला होता. पोरांना सवय व्हावी म्हणून तिनं आतापासूनच खिडक्या लावून घ्यायला सुरुवात केली होती, उकाड्यात पोरं किरकिरायची तरी लावून घ्यायची. 'तुम्ही सांगाल ते खरं,' तिनं त्याला दारातच सांगितलं होतं. 'तुम्ही धोका आहे म्हणालात तर मी या बायांना घेऊन वरपर्यंत जाईन. नाही म्हणालात तर निवांत झोपेन.' तो उठला, आणि साहेबांकडे न बघता म्हणाला, 'शून्य. म्हणजे, जवळजवळ शून्य.' वहिनीनं मागे वळून बायकांकडे बघितलं, आणि तिचा चेहरा असा उजळला की त्याला खाली बघावं लागलं. नर्सच्या कपड्यातली एक आई उठली. 'मग कुठलीही बस थांबली की वास कसला येतो?' सगळे त्याच्याकडे बघत होते, सगळ्यांची तोंडं किंचित उघडी, आणि त्या सगळ्या तोंडांतली हवा त्याच्या अंगावर येते आहे असं त्याला वाटलं. इथून सुटायचं, एवढंच. 'वास येणं म्हणजे प्रदूषण नव्हे,' तो म्हणाला. किती गुळगुळीत वाक्य. कुणीतरी ते लिहूनसुद्धा घेतलं. साहेबांनी पाठ थोपटली तेव्हा त्यांचा तळहात ओला होता, आणि घरी जाऊन त्यानं शर्ट धुवायला न टाकता सरळ कचऱ्यात टाकला.

तर ते वाक्य आता गल्लीभर पसरलं होतं, आणि तो त्यातून चालत होता. शेवटची बस ओलांडली आणि पाळणाघर समोर आलं. तिन्ही खिडक्या सताड उघड्या होत्या. पडदेसुद्धा काढून टाकले होते. सगळ्यांत जवळच्या बसचा सायलेन्सर खिडकीपासून फार तर एका खाटेइतका लांब, खिडकीच्या चौकटीच्या जरा खाली, आणि आत, त्याच उंचीवर, गाद्यांवर पोरं झोपली होती. ओळीनं. एका पोराचा पाय झोपेत हलत होता. मग तो आत गेला, बूट न काढता, आणि पहिली खिडकी लावली. दुसरी लावली. तिसरीची कडी गंजलेली होती, ती लागेना, तो तिच्याशी झोंबत राहिला.

'अहो, हे काय करताय?' वहिनी आतल्या खोलीतून आली. 'आज कुठे पोरांना वारा मिळालाय. बघा कशी गाढ झोपलीत. एरवी एवढा वेळ झोपत नाहीत हो.'

'वहिनी, लावून घ्या सगळ्या.'

'का पण? तुम्हीच तर शून्य म्हणालात.'

कडी हातात तशीच राहिली. तो तिला सांगू लागला. किलोमीटर, ग्रॅम, उभ्या गाडीचं काय होतं, शून्यं कशी झाडतात. ऑफिसात कुणाला सांगताना लागलं असतं त्याहून कमीच सांगावं लागलं. तिला कळायला वेळ लागला नाही, यात कळायला अवघड काही नव्हतंच. उभ्या गाडीतून धूर निघतो हे कुणालाही दिसतं.

'हे तुम्हाला काल माहीत होतं?' तिनं विचारलं.

खोटं बोलायची ही शेवटची जागा होती, आणि ती त्याला दिसलीसुद्धा. 'होतं,' तो म्हणाला.

बाहेर इंजिनं चालू होती आणि काच बारीक किणकिणत होती. गादीवर बटाटा जागा झाला. त्यानं इकडे तिकडे बघितलं, ओळखीचा डावा पाय त्याला दिसला, आणि हसून तो तरातरा रांगत निघाला. हा मात्र जागचा हलला नाही. पोटरीला चिकटलेलं ते कापड अजून पुरतं वाळलं नव्हतं. बटाट्यानं मूठ उघडून हात पुढे केला, तोच वहिनीनं वाकून त्याला उचलला आणि कडेवर घेऊन दोन पावलं मागे सरली. अशी मागे सरताना त्यानं तिला आजवर पाहिलं नव्हतं. ती ओंजळ धरून बसली होती तेव्हाही ती मागे सरली नव्हती.

'सहाला सगळ्या आया येतील,' ती म्हणाली. 'त्यांना तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार. आणि सोमवारी त्या तुमच्या साहेबांसमोर मी त्यांना घेऊन येणार आहे, तेव्हा तिथेही तुम्हीच सांगायचं.'

'सांगतो.'

'आणि आधी हात धुऊन या.'

रागानं नाही म्हणाली. बाहेरून येणाऱ्या कुणालाही म्हणायची तशाच आवाजात म्हणाली. तो दाराशी बेसिनपाशी गेला. बेसिन पोरांच्या उंचीला बसवलेलं होतं, हे इतक्या वर्षांत त्याच्या कधी लक्षात आलं नव्हतं, कारण वापरायची वेळच आली नव्हती. त्याला चांगलंच वाकावं लागलं, गुडघे मोडून, जवळजवळ उकिडवं. तिथे खाली वास वरच्यापेक्षा पुष्कळ जास्त होता. त्यानं नळ सोडला, साबण घेतला आणि हात धुवायला लागला.